गोधडीचं पोट

१

वर्षाराणीला घर लावायचा भारी नाद. डब्यांची झाकणं, ताटांच्या कडा, वलणीवरच्या धुण्याचे पदर, सगळं तिला जिथल्या तिथं लागायचं. तसं ते लागलं की तिच्या जिवाला जे सुख व्हायचं ते सिनेमाला जाऊनही व्हायचं नाही. धावडा गावाच्या टोकाला, मक्याच्या रानाला लागून त्यांचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं. पुढे ओटा, मागे पाण्याची टाकी आणि धुण्याचा दगड. नवरा गोरक्षनाथ पिकअप चालवायचा, मिरचीची पोती बाजाराला न्यायचा. सासू जयवंताबाई शेरडं सांभाळायची. सासूला ती मामी म्हणायची, आणि दोघींचं चांगलं जमत होतं, ज्यावर गल्लीचा अजून विश्वास बसत नव्हता.

आठवा महिना लागला होता तरी नवरात्राआधी तिनं सगळं घर धुऊन काढलं. चादरी, उशांचे अभ्रे, जाडजूड वाकळा, काही म्हणून सोडलं नाही. तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लखलखीत केला.

"दम खा की जरा," गोरक्षनाथ म्हणाला. "भित्ती कुठं पळून चालल्या काय?"

"पाव्हणा येऊन राह्यला आन् त्याला काय जळमटं दाखवू?"

पाहुणा म्हणजे पोटातला. तो उजव्या बरगडीखाली लाथा मारायचा, लागोपाठ दोन, आणि मग गप्प. दिवसातून पाच-सहा वेळा हा कार्यक्रम व्हायचा. प्रत्येक वेळी वर्षाराणी हातातलं काम टाकून पोटावर हात ठेवायची आणि एकटीच हसायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, अशी आपल्याकडची रीत. पण तिची आई दोन वर्षांमागे काविळीनं गेली आणि भावाच्या घरी कोण कुणाचं करतंय. म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं. आईची चार सुती लुगडी तिनं पेटीत जपून ठेवली होती, धुऊन धुऊन सायीगत मऊ झालेली. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी तिनं ती बाहेर काढली, नाकाला लावली, थोडं रडून घेतलं आणि लेकराची गोधडी शिवायला बसली.

टाका कसा घालायचा ते मामीनं दाखवलं. "कडंनं सुरू करायचं आन् घेर घेत घेत आत यायचं. बराबर मधी चार बोटं जागा ऱ्हाती. ते तिचं पोट. ते भरल्याबिगर मिटवायचं न्हाई."

"कशानं भरायचं?"

"गोडानं. पुरणाची पोळी, न्हाई तर गूळ-भाकर. लेकराला आपण पयलं मधच चाटवतो का न्हाई? तसंच हे. गोडाचा घास ठिवायचा आन् मंग टाके घालून टाकायचे."

"मुंग्या लागत न्हाईत?"

"माझ्या सासूच्या गोधड्या अजून हायेत घरात. लागल्या का?"

नाही लागल्या, हे खरं होतं.

२

नवरात्राचे नऊ दिवस घरात वशाट नाही. आणि वर्षाराणीला डोहाळे लागले होते ते नेमके मटणाचे. घट हलले, दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी भावकीत बोकड पडला. मामी तिकडंच राबायला गेली होती. दुपारी गोरक्षनाथ पातेलं भरून रस्सा घरी ठेवून गेला. पिकअप भरायची होती, थांबला नाही.

वर्षाराणी गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. सगळा घेर झाला होता, मधली चार बोटं तेवढी उरली होती. तिनं ताट तिथंच ओढलं. भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि जेवली, अशी जेवली की मधे श्वास घ्यायलाही थांबली नाही. पोटात पाहुण्यानं दोन लाथा मारल्या. "तुलाबी आवडलं का रे?" ती म्हणाली.

मग तिच्या ध्यानात आलं की गोधडीचं पोट तेवढं राहिलंय. पुरण कालच संपलं होतं. गूळ आतल्या खोलीत, वरच्या फळीवर. आता मांडी मोडून, भिंतीला धरून उठायचं, पाटावर चढायचं आणि डबा काढायचा. त्या दिवसांत उठणं म्हणजे काय असतं ते बायकांना विचारावं. शिवाय सुईत दोरा ओवलेला होता आणि काम हातावेगळं करायची तिला घाई झाली होती.

तिच्या तोंडात शेवटचा घास होता. रश्श्यात भिजलेली भाकर आणि मटणाचा एक धागा, चावलेला. तो तिनं जिभेवरून बोटावर घेतला.

"घे बाई, तूबी खा," ती म्हणाली आणि घास मधल्या जागेत ठेवला. नऊ टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि हात धुवायला गेली.

संध्याकाळी मामीनं विचारलं, "भरलं का गं तिचं पोट?"

"भरलं की," वर्षाराणी म्हणाली. खोटं काहीच बोलली नव्हती ती.

३

पहिल्यांदा तिला खटकलं ते घडीचं.

वर्षाराणी चादर असो की टॉवेल, घडी घालताना मोकळ्या कडा भिंतीकडे करायची. दुमड पुढं. गोधडीची चौघडी तिनं तशीच पेटीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठली तर मोकळ्या कडा पुढं आलेल्या. मामीनं हलवली असेल म्हणून तिनं नीट करून ठेवली. तिसऱ्या दिवशी परत तेच.

"मामी, गोधडी हलवली का तुमी?"

"मला काय धंदा न्हाई का?" मामी डिंक तळत होती. बाळंतिणीच्या लाडवांची तयारी चालली होती.

मग मुंग्या. लाडवाचा चुरा पडला म्हणून काळ्या मुंग्यांची रांग लागली होती, भिंतीच्या कडेनं. पेटीपाशी येऊन ती रांग मोठा वळसा घेऊन खोलीच्या मधून जात होती आणि पलीकडं परत भिंतीला लागत होती. वर्षाराणीनं केरसुणीनं रांग मोडली. अर्ध्या तासानं रांग तशीच झाली, वळशासकट. रॉकेल-बिकेल सांडलं असेल कधीतरी, तिनं मनाशी म्हटलं. वास घेऊन पाहिला. वास आईच्या लुगड्यांचाच होता, आणि त्याच्याखाली रश्श्याचा.

गोधडी उन्हाला टाकावी म्हणून तिनं उचलली. जड लागली. चार लुगड्यांचं वजन तिच्या हाताला पाठ होतं, हे त्याहून जास्त होतं. मधला घासाचा उंचवटा बोटांनी चाचपला तर तो मधे नव्हता. कोपऱ्याकडे सरकला होता. भाकर वाळली, सुटी झाली, सरकली, यात काय आहे? पण मधले नऊ टाके घट्ट होते आणि त्यांच्या भोवतालचे घेरही घट्ट होते. ओल्या उशीगत गरम होती ती, सावलीत असूनही. तिनं ती घाईनं ओट्यावरच्या बाजेवर टाकली आणि हात पदराला पुसले.

४

समोरच्या तुळजाबाईची कोंबडी नऊ पिल्लं घेऊन यांच्या ओट्याखाली चरायची. त्या दुपारी वर्षाराणी आत लाडू वळत होती. बाहेर एकच कालवा झाला. पंखांची फडफड, चोची आपटल्याचा आवाज. हात तुपानं बरबटलेले, पोट पुढं आलेलं, उठेपर्यंत वेळ गेला. ती दारात आली तेव्हा आवाज थांबला होता. कोंबडी बाजेवर अर्धी गोधडीखाली होती. पाय बाहेर होते आणि ते पाय हवेत चालत होते. मग आत काहीतरी कडकन मोडलं आणि पाय थांबले.

तिनं काठीनं गोधडी बाजूला केली. कोंबडीला मान नव्हती. चिरडलेल्या जागेतून अजून भळभळ वाहत होतं, बाजेच्या सुंभावर, जमिनीवर. गोधडीवर मात्र रक्ताचा एक थेंब नव्हता.

भिंतीवर बोका बसला होता, पिवळा, कान फाटलेला. वर्षाराणीनं त्याच्याकडं बोट केलं. तुळजाबाई धावत आली, कोंबडी पाहून तोंडाला येईल ते बोलली, पिल्लं मोजली, सहा भरली.

गोरक्षनाथ गरीब माणूस. मिरचीच्या पोत्याखाली सरडा सापडला तरी उचलून बांधावर सोडणारा. पण बोका कोंबडीची मान नेतो म्हटल्यावर त्याचं डोकं फिरलं. महिन्याभरात इथं पाळणा लागायचा होता. त्यानं बोक्याला दूध दाखवून न्हाणीत घेतलं, दार लावलं आणि धुण्याची मोगरी घेऊन आत गेला.

वर्षाराणीनं सगळं ऐकलं. पहिला घाव चुकला, फरशीवर बसला. दुसरा नाही चुकला. बोका लेकरागत ओरडत होता आणि ओरडणं संपल्यावरही गोरक्षनाथ मारतच होता, ओलं धुणं बडवावं तसा आवाज येत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवर शिंतोडे होते. त्यानं पाय धुतले, जेवायला बसला, दोन भाकरी मुकाट्यानं खाल्ल्या.

"लेकराच्या जिवाला घोर नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी दोन पिल्लं गेली.

वर्षाराणी गोधडी उलटीपालटी करून बघत होती. एका टाक्यातून पिवळी लव बाहेर आली होती, चिमूटभर. तिनं ती ओढली. लव निघेना. तिनं जोरात ओढली, तेव्हा आतून तेवढ्याच जोरानं कुणीतरी ती मागं घेतली आणि टाका मिटला.

५

त्या दिवसापासून तिची भूक मेली. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि ढेकर यायचा. तोंडाला चव यायची लोखंडी सांडशी चाटल्यागत. दवाखान्यात तपासणीला गेली तेव्हा नर्सबाईनं वजन पाहून कौतुक केलं. "लेकरू एकदम मस्त वाढून राह्यलंय. काय खातीस, आमालाबी सांग."

वर्षाराणी हसली नाही. घरी येऊन तिनं आरशात दात पाहिले, नखांच्या कडा पाहिल्या. दुपारी आपल्याला झोप लागते, त्या झोपेत आपणच उठत असू का? गरोदरपणात बायका माती खातात, राख खातात, मग एखादी पिल्लं खात नसेल कशावरून? हा विचार किती घाण होता ते तिला कळत होतं. पण तरी तो दुसऱ्या विचारापेक्षा बरा होता. वेड लागलं तर औषध मिळतं.

खरं-खोटं करायला तिनं गोधडी लोखंडी पेटीत टाकली, कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं दोनऐवजी एकच लाथ मारली, आणि तीही झोपेत कूस बदलावी तशी. तिसऱ्या दिवशी सकाळपासून काहीच नाही. ती गूळपाणी प्यायली, डाव्या कुशीवर झोपली, पोटावर वाटी वाजवली. "उठ की रे राजा," म्हणाली. दुपारपर्यंत तिच्या डोळ्यांना धार लागली होती. गोरक्षनाथ बाजाराला, मामी शेरडं घेऊन बांधावर. फोन करावा म्हणून तिनं मोबाईल उचलला आणि तेवढ्यात पेटीतून आवाज आला. ठक. थांबून, ठक. पत्र्याला आतून पोचा पडत होता.

तिनं कुलूप काढलं. आता यावर कुणी काही म्हणो. पोटात मूल गप्प झालेल्या बाईनं काय करावं हे घराबाहेर उभं राहून सांगणं सोपं आहे.

गोधडी पेटीच्या तळाशी गोळा होऊन पडली होती. मधले टाके लाळेनं भिजले होते. वर्षाराणीनं ती जमिनीवर अंथरली आणि भिंतीला टेकून बसली. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. दार उघडं होतं, आणि उघड्या दारातून मामीचं पंधरा दिवसांचं करडू उड्या मारत आत आलं. आईबरोबर रानात न्यायला लहान म्हणून ते मागं खुंट्याला ठेवलेलं असायचं. दावं कधी सुटलं कोण जाणे. त्यानं तिच्या पायाला डोकं घासलं. मग गोधडी हुंगली.

वर्षाराणीनं त्याला हाकललं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली, मिक्सरच्या भांड्यात ओंजळभर दाळवं घातलं आणि बटण फिरवलं. भांडं तापून वास यायला लागला तरी बंद केलं नाही. डोळे मिटून ती ओट्याला धरून उभी होती, आणि मिक्सरच्या आवाजात उजव्या बरगडीखाली एक लाथ बसली. मग दुसरी, सणसणीत.

ती आनंदानं रडली. मग तिला उलटी झाली.

६

शेरडं अंधार पडल्यावर परतली, म्हणून करडू गेल्याचं मामीला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. शेरडी सारखी ओरडत होती, आचळं भरून दुखायला लागली होती. मामीनं बाकीची शेरडं तुळजाबाईच्या माणसाबरोबर रानात लावून दिली आणि स्वतः करडू शोधत बसली. गोठा, मका, टाकीच्या मागं, सगळं बघून झालं.

"तुला दिसलं का गं?"

"न्हाई मामी," वर्षाराणी म्हणाली. तिच्याच्यानं मामीकडं बघवलं नाही.

मामी घरात आली, बाजेखाली वाकली, पेटीमागं हात घातला. पेटीवर गोधडी होती. ती तिनं झटकायला म्हणून उचलली, उजव्या हातानं, बरोबर मधे धरून.

किंकाळी अशी आली की ओट्यावर टायरमध्ये हवा भरत बसलेला गोरक्षनाथ पंप टाकून आत धावला. मामी जमिनीवर बसली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही नव्हती. मनगटावरून रक्ताची धार कोपराकडं चालली होती. पण मामी हाताकडं बघत नव्हती, सुनेकडं बघत होती.

"काय घातलंस तिच्या पोटात?"

"वशाट," ती म्हणाली. "गूळ वर व्हता. मला उठवंना."

"ताटातलं का?"

"तोंडातलं. चावलेलं."

मामीनं डोळे मिटले. सुनेच्या पोटाकडं तिनं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मग हळू आवाजात, लेकाला म्हणाली, "गोऱ्या, जाळ ती. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई," वर्षाराणीनं गोधडीवर अंग टाकलं. "न्हाई जाळायची. आईची हाय माझ्या."

"घूस शिरली असंल तिच्यात," गोरक्षनाथ ओरडला. त्याला तेवढंच सुचलं. आईच्या रक्तानं त्याचा सदरा भिजला होता. त्यानं वर्षाराणीला बाजूला ढकललं, गोधडीचं एक टोक धरून ती फरफटत मागं नेली आणि धुण्याच्या दगडावर आपटली. मोगरी तिथंच होती.

पहिल्या घावाला वर्षाराणी दारात वाकली. दुसऱ्या घावाला गुडघ्यावर आली. गोधडीतून आवाज निघाला, नाकातून रडावं तसा, बारीक. गोरक्षनाथनं तो ऐकला आणि त्याचं तोंड पांढरं पडलं, आणि भीतीनं तो आणखी जोरात मारायला लागला. तीन, चार, पाच. "थांबा," ती म्हणत होती. "थांबा वो. तुमच्या पाया पडते. लेकराला लागून राह्यलंय." मोगरीच्या आवाजात त्याला शब्द कळेनात, वाटलं बायको लुगड्यांसाठी रडतीय. सहा. सातव्या घावाला दगडावरची गोधडी सैल पडली आणि दारात वर्षाराणी आडवी झाली.

त्यानं तिला उचलून बाजेवर आणलं, तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले.

"भोवळ आली," ती म्हणाली. "मला काय झालं न्हाई. मामींचं रक्त बघा आधी. जल्दी न्या त्यांना."

तो दोघींमधे उभा राहिला. मामीचं लुगडं कमरेपर्यंत लाल झालं होतं आणि तिची मान आता धरत नव्हती. "तुळजाबाईला फोन करतो, कापसातून यील ती," तो म्हणाला. त्यानं गोधडीवर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं, वर पाटा ठेवला, आईला पिकअपमधे घातलं आणि भोकरदनच्या रस्त्याला लागला. वळणावर जाईपर्यंत मामी खिडकीला डोकं टेकून म्हणत होती, "जाळ, जाळ."

७

दुपारचं ऊन अंगणात पसरलं होतं. मक्याची कणसं वाळत होती, टाकीत नळाचं पाणी पडत होतं. वर्षाराणी बाजेवर बसून पोटावर दोन्ही हात ठेवून वाट बघत होती.

काही नाही.

तिनं कूस बदलली, गार पाणी प्यायली. पोटावर जोरात थाप मारली, मग तिथंच कुरवाळलं. "बाळा," म्हणाली. "अरे बाळा." आतलं वजन तिला कळत होतं. ती इकडं झुकली की ते इकडं लोळायचं, तिकडं झुकली की तिकडं, पाण्यातल्या दगडासारखं. दवाखान्यात जायला दीड तास. तिथं नर्सबाई नळी लावून ऐकेल, दुसऱ्या बाईला बोलावेल, दोघी एकमेकींकडं बघतील. त्यापुढचं तिला दिसत होतं, कारण गोधडी पेटीत होती त्या तिसऱ्या दिवशी ती हे सगळं मनातल्या मनात एकदा बघून आली होती.

ती उठली. पाटा ढकलला, डालगं बाजूला केलं. गोधडी दगडावर पसरली होती, आईचं हिरवं लुगडं वर. कुठं हालचाल नव्हती. तिनं ती छातीशी धरून आत आणली, दार लावून घेतलं आणि जमिनीवर बसली.

आधी तिनं दूध आणलं, बोटानं टाक्यांवर सोडलं. ते ओघळून गेलं. मग पाटावर चढली, फळीवरून डबा काढला, गूळ फोडून टाक्यांशी लावला. तो तसाच राहिला. ओट्याखाली तिनं तुळजाबाईची उरलेली पिल्लं शोधली, "ये ये" करून दाणे टाकले. पिल्लं लांबून बघत राहिली आणि वळून पळाली. शेरडी दावं ताणून गोठ्याच्या पार कोपऱ्यात जाऊन उभी होती, तिला ओढायची ताकद वर्षाराणीच्या अंगात नव्हती. घरात दुसरं काही जिवंत नव्हतं.

तिनं सुईच्या टोकानं मधला एक टाका उचलला. फक्त एक. पहिल्या आणि दुसऱ्या लुगड्याच्या मधे ओलं, गुलाबी काहीतरी होतं, आणि ते हिरडीसारखं होतं. हिरडीच होती ती. मऊ, नवी, आणि कडेला दोन पांढरे ठिपके नुकते फुटलेले. ती उघडी पडली होती आणि तिच्यातून श्वास येत होता, थांबून थांबून, एक आणि मग किती तरी वेळानं दुसरा.

दारावर थाप पडली. "वर्षे," तुळजाबाईचा आवाज आला. "बाई, कडी काढ. गोऱ्याचा फोन आल्ता."

वर्षाराणी आपल्या दोन्ही हातांकडं बघत होती. उजवा हात लागणार होता. लेकराला उचलायला, टाळू भरायला, न्हाऊ घालायला, सगळ्याला उजवाच. तिनं डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. काचेचा तुकडा त्याच्या घशात जायला नको होता.

मग तिनं डावा हात आत घातला. मनगटापर्यंत गरम लागलं. आधी नुसत्या हिरड्या होत्या, चोखत असलेल्या, आणि तिला क्षणभर फार बरं वाटलं.

उजव्या बरगडीखाली एक लाथ बसली, हलकी, आहे की नाही कळू नये अशी. तिनं श्वास रोखून दुसरीची वाट पाहिली. दुसरी आली नाही. बाहेर तुळजाबाई दोन्ही हातांनी दार बडवत होती.

वर्षाराणीनं पदराचा बोळा दातांत धरला आणि हात कोपरापर्यंत आत सारला.